वैमानिकांच्या फजित्या

(ज्ञातिमंडळाच्या स्नेहसंमेलनातील भाषण)



हौसेखातर विमान चालविणाऱ्यांविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मुलाने डॉक्टर वा इंजिनियर व्हावे असे आपल्या ज्ञातीत घरोघरी म्हणतात. मात्र मुलगी विमान शिकू म्हणते असे कळले की त्याच घरात चिंतेचे सावट पसरते. 'आकाशात वाट चुकली तर विचारायचे कोणाला?' असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न असतो, आणि तो मुळीच हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

कारण वाटा चुकतातच. आगाखान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान हे अंतर एकट्याने काटणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. मनमोहनसिंग यांनी आपल्या विमानाचे नाव 'मिस इंडिया' ठेवले. 'मिस' म्हणजे कुमारी, तसेच चुकणे. तेव्हा हे गृहस्थ हिंदुस्थान चुकविणार, अशी कोटी एका इंग्रज संपादकाने केलीच! त्यांनी प्रवास पुरा केला, परंतु मुदत टळल्याने बक्षीस हुकले. १९३० च्या मे महिन्यात ते मिळविले अवघ्या सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनियर यांनी. वाटेत इजिप्तमध्ये आबूकीर येथे ते प्लगांवाचून अडकून पडले होते. उलट दिशेने त्याच बक्षिसासाठी निघालेले जे. आर. डी. टाटा तेथे उतरले, आणि त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास काढून दिले. टाटा थोडक्यात मागे पडले. अस्पी पुढे १९६० साली आपल्या वायुदलाचे प्रमुख झाले. आमच्या मते त्या शर्यतीत खरे पाहण्यासारखे काही असेल तर ते प्लगच.

आता डग्लस कॉरिगन या अमेरिकनाची कथा. अटलांटिक ओलांडण्याची परवानगी सरकारने त्यास नाकारली होती. त्याचे १९२९ सालचे जुने विमान पाहता ते योग्यच होते. १७ जुलै १९३८ रोजी पहाटे कॅलिफोर्नियास जातो असे सांगून तो न्यूयॉर्कहून उडाला आणि अठ्ठावीस तासांनी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ उतरला. खाली ढग होते, आपण होकायंत्राच्या सुईचे भलतेच टोक पाहिले, असे त्याचे म्हणणे! सूर्य कोणीकडे उगवतो हे अर्घ्य देणाऱ्या आमच्या वडिलांस होकायंत्रावाचून कळत असे. असो. त्याचा परवाना चौदा दिवस स्थगित झाला. तो जहाजाने परत येईतो ती मुदत संपतच आली होती. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली आणि एका वृत्तपत्राने त्याच्या स्वागताचा मथळा उलट्या अक्षरांत छापला. १९९५ साली मरेपर्यंत त्याने आपले म्हणणे काही सोडले नाही.

या कथेतील एक गोष्ट मात्र हसताना विसरली जाते. महासागरावर असताना त्याचे पाय गार पडू लागले. पाहतो तो टाकीतून गळलेले पेट्रोल पायाशी साचलेले! बाहेर एका अंगास धूर टाकणारी तापलेली नळी. त्याने पेचकसाने तळास भोक पाडले ते विरुद्ध अंगास. दुसरीकडे पाडले असते तर मिरवणूक कोणाची निघाली असती? अधिकाऱ्यांची नकारघंटा ज्यांना जाच वाटते, त्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

आज शिकाऊ वैमानिकास उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक नळीत काढून पाहावे लागते. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते, आणि इंजिनात गेल्यास ते बंद पाडते. नळीत थर दिसला की पाणी ओळखावे. पण सगळी नळीच पाण्याने भरली तर? थरच नाही, सारे कसे स्वच्छ. आणि नवशिका म्हणतो, पेट्रोल उत्तम आहे! म्हणूनच लहान विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलास निळा रंग देतात, आणि शिक्षक ती नळी पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरावयास लावून विचारतात, "निळे दिसते का?"