पाण्याचे माहेर



मुंबईकराला पाणी कुठून येते असे विचारले, तर तो नळाकडे बोट दाखवतो. फार तर भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राचे नाव सांगतो. पण विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तर तानसा (१८९२) तलावाभोवती अभयारण्य आहे. या जंगलाचे काम पाहा. झाडांची पाने पावसाचा मारा झेलतात, पालापाचोळा पाणी अडवतो, मुळे माती धरून ठेवतात. पाणी जमिनीत मुरते आणि सावकाश तलावात उतरते. जंगल तुटले की तोच पाऊस डोंगराची माती घेऊन धावतो. तलाव गाळाने भरतो, पाणी गढूळ होते आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो.

मी बँकेतला कारकून, म्हणून हिशेबाचीच गोष्ट सांगतो. पाणी शुद्ध कसे राखावे, हा प्रश्न अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरापुढेही आला होता. तेथील बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतून आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून येते. गाळणी प्रकल्प उभारायला अब्जावधी डॉलर लागणार होते. त्याऐवजी १९९७ साली शहराने डोंगरातील गावांशी करार केला. राजीखुशीने विकणाऱ्यांच्या जमिनी घेतल्या, सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, शेणखत ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना साह्य दिले. आजही ते पाणी गाळणी प्रकल्पाविना, जंतुनाशक प्रक्रिया करून शहराला मिळते.

आता आपल्याकडे पाहू. तानसा आणि भातसा हे जलाशय ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जंगलाशेजारी राहणाऱ्याची घागर रिकामी ठेवून जंगल टिकेल कसे? 'झाडे तोडू नका' असा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या घागरीत पाणी आणि हातात राखणीचा मोबदला पडला पाहिजे. हे दान नव्हे, आपल्याकडचे देणे आहे; आणि थकलेले देणे व्याजासह फेडावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या नळाचे पाणी कोणत्या तलावातून येते, त्या तलावाभोवती कोणती गावे आहेत, याची माहिती घ्या. आपल्या पाणीपट्टीतील किती पैसा त्या डोंगरांसाठी आणि तिथल्या माणसांसाठी खर्च होतो, हे महापालिकेला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा.