फॉर्म कोणता भरायचा?



प्राप्तिकराचे नाव निघाले की गावातला माणूस म्हणतो, "शेतकऱ्याले काऊन पायजे हे?" त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार प्राप्तिकर घेत नाही. ही सूट १८८६ च्या कायद्यापासून आहे. १९६१ च्या कायद्यातही ती होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती आहे. खामगावला कापूस विकला, चिखलीला सोयाबीन विकले, तर त्या पैशावर कर नाही.

मग फॉर्म कोणाला लागतो? ज्याला शेतीशिवाय दुसरी मिळकत आहे, त्याला. कोणी शाळेत शिक्षक आहे. कोणाला पेन्शन आहे. कोणाचे दुकान आहे. कोणाची बँकेत ठेव आहे, तिचे व्याज येते. दुधाचा पैसाही कायद्याने शेतीचा पैसा नव्हे. तो धंद्याचा पैसा. अशी मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, की विवरणपत्र भरावे लागते. बँकेने व्याजातून कर कापला असेल आणि तुम्हाला कर लागतच नसेल, तर तो पैसा परत मिळतो. पण विवरणपत्र भरले तरच मिळतो.

आता फॉर्म पाहू. २०२५ साली ते असे होते :

पगार, पेन्शन, घरभाडे, व्याज असणाऱ्याला फॉर्म १. त्याचे नाव 'सहज'.
लहान धंद्याचा अंदाजी नफा दाखवणाऱ्याला फॉर्म ४. त्याचे नाव 'सुगम'.
या दोन्हींत शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतच चालत होते.
त्याहून जास्त असेल, तर पगारदाराला फॉर्म २ आणि धंदेवाल्याला फॉर्म ३.

समजा, एका गुरुजींना पगार आहे आणि त्यांच्या नावावर चार एकर जमीन आहे. खर्च वजा जाता सोयाबीनचे ४०,००० रुपये उरले. गुरुजींनी 'सहज' भरला, तर तो चुकला. त्यांचा फॉर्म २. शेतीवर कर नाही, तरी ती रक्कम दाखवावी लागते. कारण पगारावरचा कर ठरवताना ती हिशेबात धरतात.

फॉर्म चुकला, तर खात्याची नोटीस येते. मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर विवरणपत्र न भरल्यासारखेच होते.

जवळ काय ठेवाल? पॅन कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. पगारदाराने कापलेल्या कराचा दाखला घ्यावा. शेतीसाठी सातबारा, आठ-अ, बाजारातली हिशेबपट्टी आणि बी-खताच्या पावत्या. हे कागद फॉर्मला जोडायचे नाहीत. पण फेकायचेही नाहीत. खात्याने विचारले, तर तेच कामी येतात.

फॉर्म पाठवला म्हणजे काम संपले नाही. तीस दिवसांच्या आत तो आपलाच आहे, अशी खात्री द्यावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर आकडा येतो, त्यावरून ती देता येते. तो आकडा वाटेल त्याला सांगू नका.

कोणी म्हणेल, "पैसे द्या, मोठा परतावा काढून देतो." त्याला विचारा, कशावरून? खोटी वजावट दाखवली, तर जबाब तुम्हालाच द्यावा लागतो. तो दलाल तेव्हा सापडत नाही.

नियम बदलतात, फॉर्मांचे आकडेही बदलतात. म्हणून आकडा पाठ करू नका. दरवर्षी तीन गोष्टी विचारा. माझी मिळकत कोणकोणती? शेतीतून किती उरले? कर कुठे कापला गेला? एवढे कळले, की योग्य फॉर्म शोधता येतो.

आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.