ई-मेलला पाकीट केव्हा मिळणार?



आमच्या आजच्या विषयाचा फलक वाचून एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला दारातच गाठले. म्हणाले, "ई-मेल आम्हीही रोज पाठवतो. त्यात तासभर बोलण्यासारखे काय आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करतो.

पूर्वी पोस्टकार्डावर काय लिहावे याचा घरोघर एक अलिखित दंडक होता. खुशाली, पाऊसपाणी, 'मंडळी सुखरूप पोचली' एवढा मजकूर कार्डावर. देण्याघेण्याचा, दुखण्याचा किंवा सोयरिकीचा मजकूर पाकिटात. कार्ड पोस्टमन वाचू शकतो, शेजारी वाचू शकतो, हे लहान पोरालाही ठाऊक असे. आज आपण रक्ताच्या तपासणीचा अहवाल, इच्छापत्राचा मसुदा आणि प्राप्तिकराचे कागद ई-मेलने धाडतो, आणि हा ई-मेल बहुधा कार्डच असतो. तो वाटेत उघडा असतो असे मात्र नव्हे. अलीकडे बहुतेक ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना जणू सीलबंद थैलीतून जातो. पण थैली प्रत्येक टपालघरात उघडते, आणि तेथे आतली कार्डे उघडीच असतात. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती पडून राहतात तिला, तिच्या यंत्रांना आणि तेथे चोरून शिरलेल्या माणसाला ती वाचता येतात.

मग पाकीट निघाले नाही काय? निघाले, आणि तेही फार पूर्वी. 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी एक विलक्षण कल्पना मांडली. त्यापूर्वी गुप्तलेखन करायचे तर दोघांनी आधी भेटून एकच किल्ली वाटून घ्यावी लागे. या दोघांनी किल्लीचे दोन भाग सुचवले. एक जाहीर, एक खाजगी. दुसऱ्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती कल्पना अंकगणिताच्या आधारे प्रत्यक्षात उतरवली.

श्रोत्यांनी गणिताला भिण्याचे कारण नाही. नुसते दाबले की बसणारे कुलूप आपण सर्वांनी पाहिले आहे. ते लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. समजा आम्ही अशी शेकडो उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आता कोणीही आपले पत्र पेटीत घालून, आमचे कुलूप दाबून ती पेटी आम्हांकडे पाठवू शकेल. लावल्यानंतर ती खुद्द पाठवणाऱ्यालाही उघडता येणार नाही. जाहीर किल्ली म्हणजे हे वाटलेले कुलूप, आणि खाजगी किल्ली म्हणजे खिशातली किल्ली. 1991 साली फिल झिमरमन यांनी या तत्त्वावर पीजीपी नावाचा प्रोग्रॅम सामान्य माणसाच्या हाती दिला. ई-मेलला पाकीट हवे, ही उपमाही त्यांनीच वापरली होती. हा प्रोग्रॅम देशाबाहेर गेला म्हणून अमेरिकी सरकारने त्यांच्यामागे चौकशी लावली; ती 1996 साली सोडून देण्यात आली.

म्हणजे पाकीट तयार होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही या सभागृहात ते वापरणारे किती जण आहेत? आम्ही हात वर करायला सांगत नाही, कारण उत्तर आम्हांला ठाऊक आहे.

याचे कारण 1999 साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी एका साध्या प्रयोगाने दाखवले. ई-मेलची सवय असलेल्या बारा जणांना त्यांनी पीजीपी दिले, दीड तासाचा अवधी दिला, आणि एक गुप्त मजकूर सहकाऱ्यांना सही करून, बंद करून पाठवायला सांगितले. बारांपैकी चौघांनाच ते जमले. तिघांनी तो मजकूर चुकून उघडाच पाठवला. सात जणांनी पत्रे स्वतःच्याच जाहीर किल्लीने बंद केली. म्हणजे पेटी दुसऱ्याच्या घरी आणि किल्ली आपल्या खिशात! त्यांच्या निबंधाचे नाव होते, 'जॉनीला गुप्तलेखन का जमत नाही'. हे नाव 1955 सालच्या रूडॉल्फ फ्लेश यांच्या गाजलेल्या पुस्तकावरून घेतले होते. जॉनीला वाचता येत नाही हा पोराचा दोष नसून शिकवण्याच्या रीतीचा आहे, असे त्या पुस्तकाचे म्हणणे होते. संगणकाच्या जॉनीविषयी आमचे म्हणणे तेच आहे.

येथे आम्ही स्वतःची फजिती सांगतो. आमचे एक स्नेही गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी मोठ्या हौसेने हा प्रोग्रॅम आमच्या संगणकावर बसवून दिला, आणि दोन वर्षे आमचा पत्रव्यवहार बंद पाकिटातून चालला. एके दिवशी संगणकाची डिस्क बिघडली. खाजगी किल्लीची दुसरी प्रत करून ठेवायची असते, हे आम्हांला कोणी बजावले नव्हते. निदान प्रोग्रॅमने तरी नाही. फोनवर प्राध्यापक हसून म्हणाले, "जाऊ द्या, पुन्हा लिहू." पुढल्या वर्षी ते गेले. त्यांची दोन वर्षांची पत्रे आमच्या ई-मेलच्या पेटीत आजही आहेत. तारखा दिसतात, त्यांचे नाव दिसते, आणि खाली अक्षरांचा नुसता भुगा. कुलूप इतके पक्के की ज्याच्यासाठी लावले त्यालाच ते उघडता येत नाही.

हा केवळ आमच्यासारख्या अडाण्यांचा अनुभव म्हणावा, तर दुसरे उदाहरण पाहा. डिसेंबर 2012 मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकारांना एका अज्ञात माणसाचा ई-मेल आला. 'महत्त्वाचे सांगायचे आहे, पण आधी पीजीपी बसवून घ्या', असे त्यात होते. ग्रीनवाल्ड पेशाने वकीलही होते. पण त्यांना ते किचकट वाटले आणि काम लांबणीवर पडले. त्या माणसाने पायरी पायरीने सूचना पाठवल्या, चित्रफीतही करून दिली. तरी व्यर्थ. तो माणूस होता एडवर्ड स्नोडेन. लॉरा पॉइट्रस या चित्रपटकर्तीला गुप्तलेखन येत होते म्हणून त्याला दुसरी वाट सापडली, आणि जून 2013 मध्ये सरकारी पाळतीची ती हकीकत जगाला कळली. एका किचकट प्रोग्रॅमपायी ती अडून राहिली असती!

मग सोपे करता येत नाही काय? येते. एप्रिल 2016 मध्ये व्हॉट्सॲपने सर्व संदेशांना अशीच कुलपे लावली. अब्जाहून अधिक माणसांना ती एका फटक्यात मिळाली, आणि किल्ली हा शब्दही कोणाला उच्चारावा लागला नाही. मात्र तेथे घर एका मालकाचे आहे. ई-मेल हे अनेक मालकांचे गाव. प्रत्येकाचा प्रोग्रॅम निराळा, म्हणून काम अवघड. त्यावरही तोड निघत आहे. 2017 साली ऑटोक्रिप्ट नावाची एक पद्धत ठरली. तीत आपला प्रोग्रॅम प्रत्येक साध्या पत्राबरोबर आपले उघडे कुलूप मुकाट्याने पाठवतो. पलीकडचा प्रोग्रॅम ते जपून ठेवतो, आणि पुढचे पत्र बंद करून पाठवता येते. खाजगी किल्ली दुसऱ्या यंत्रावर नेताना 36 अंकांचा संकेत पाटीवर येतो; तो कागदावर लिहून घ्यायचा. आमच्या वेळी असा एक कागद कपाटात असता, तर ती पत्रे आज आम्ही वाचली असती. 2020 साली थंडरबर्ड या मोफत प्रोग्रॅममध्येही गुप्तलेखनाची सोय अंगचीच आली; निराळे जोडकाम लागेनासे झाले.

पण सोपेपणाच्या नावाखाली दोन गोष्टी गिळू नका, असे आम्ही बजावतो. पहिली ही की, कोणी "किल्लीची काळजी करू नका, ती आम्ही सांभाळू" असे म्हणाला, तर पत्र वाचण्याची मुभाही त्याच्याकडेच गेली असे समजा. दुसरी गोष्ट, हाती आलेले कुलूप खरोखर आपल्या माणसाचेच आहे का, हे कोणतेही यंत्र पूर्णपणे सांगू शकत नाही. ऑटोक्रिप्टमध्येही तोतयाला वाव राहतो. मोठ्या व्यवहाराच्या वेळी फोन उचलावा, ओळखीचा आवाज ऐकावा, आणि किल्लीचा ठसा म्हणून जे अंक-अक्षर दिसते ते एकमेकांना वाचून दाखवावे. आणखी एक लक्षात असू द्या. पाकिटावरचे नाव-पत्ते झाकले जात नाहीत, आणि पुष्कळदा विषयाची ओळही उघडीच राहते. नाजूक गोष्ट त्या ओळीत लिहू नये.

"आमच्याजवळ लपवण्यासारखे आहे काय?" असे पुष्कळ जण विचारतात. पाकीट चिकटवणारा आपला आजा काही गुन्हेगार नव्हता. 2017 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. पण जो हक्क बजावायला प्राध्यापक स्नेही लागतो, तो सामान्य माणसाच्या काय कामाचा?

म्हणून समोर बसलेल्या तरुण मंडळींना, विशेषतः ज्यांचा व्यवसाय प्रोग्रॅम लिहिण्याचा आहे त्यांना, आमची एक विनंती आहे. आपला प्रोग्रॅम आधी घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. शेजारी बसा, तोंडातून शब्द काढू नका, आणि त्यांची बोटे कोठे अडतात ते पाहा. जेथे अडतील तेथे त्यांची समजूत घालू नका, प्रोग्रॅम दुरुस्त करा.

दारात भेटलेले ते गृहस्थ मागच्या रांगेत बसलेले आम्हांला दिसत आहेत. ज्या दिवशी त्यांना पाकीट वापरण्यासाठी आमचे व्याख्यान ऐकावे लागणार नाही, त्या दिवशी हा विषय संपला असे आम्ही समजू.