धारेवरची वाट आणि माघारीची वेळ



सह्याद्रीतील भटकंतीची चर्चा बहुधा किल्ला, कडा आणि शिखर यांच्याभोवतीच फिरते, आणि दोन माथ्यांना जोडणारी धार, म्हणजे दोन्ही अंगांना उतार तुटत गेलेला अरुंद डोंगरमाथा, केवळ मधला टप्पा म्हणून गणली जाते. वास्तविक कड्याला भिडणारा माणूस मुळातच सावध असतो व दोर लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. धारेवरची पायवाट मात्र मळलेली असते, चढ-उतार सोसवण्याजोगे असतात, आणि तरीही कोसभर चालून गेल्यावर बाजूने खाली उतरायला सोय नसते. त्यामुळे धारेवर कसोटी लागते ती चढाईच्या कौशल्यापेक्षा निर्णय वेळेवर घेण्याची.

राजगड ते तोरणा ही वाट या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून धार धरली की पुढे एका खिंडीत भुतोंडे गावाकडे जाणारा गाडीरस्ता आडवा येतो, आणि तो ओलांडून पुन्हा चढत गेल्यावर १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याची बुधला माची गाठता येते. खिंड, म्हणजे धारेतील खोलगट भाग, ही सहसा विसाव्याची जागा मानली जाते. परंतु दिवसाचा किती उजेड उरला आहे, प्रत्येकाच्या बाटलीत किती पाणी आहे आणि सर्वांत मागे राहिलेल्या सोबत्याचा गुडघा काय म्हणतो, याचा हिशेब तिथेच झाला पाहिजे. ठरलेल्या वेळेत खिंड गाठली नाही तर तोरण्याकडे न चढता रस्त्याने खाली उतरायचे, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे, कारण समोर बुधला माची दिसू लागल्यावर थकलेल्या गटाकडून असा निर्णय सहसा होत नाही.

धारेच्या धोक्याचे मूळ तिच्या खडकातही आहे. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थिजलेले थर, सर्वत्र सारखा कठीण नाही. कठीण थरांचे कडे उभे राहतात, मऊ थर झिजून त्यांचा मुरूम होतो, आणि उतारावर साचलेल्या या सुट्या खड्यांच्या थराला भटके ‘घसारा’ म्हणतात. घसाऱ्यावर एका वेळी एकानेच उतरावे, बाकीच्यांनी त्याच्या रेषेतून बाजूला थांबावे, पाऊल आडवे टाकून वजन पडण्यापूर्वी जमीन चाचपावी, आणि पायाखालून दगड सुटताच ‘दगड!’ अशी आरोळी द्यावी, ही शिस्त जुन्या भटक्यांच्या अंगवळणी पडलेली असते, नव्यांना मात्र ती प्रत्येक मोहिमेत शिकवावी लागते. पावसाळ्यात कातळावरचे शेवाळ आणि दाट धुके, तर दिवाळीनंतर वाळून आडवे झालेले गवत पाय निसटायला पुरेसे ठरते. कोरड्या गवताचा हा धोका फारसा कोणी मोजत नाही.

विजेच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नाही. मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारच्या वळिवात धारेवरचा माणूसच आसपासची सर्वांत उंच वस्तू असतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग सुमारे १० किलोमीटरच्या आत आला आहे असे समजून माथा सोडावा, एकट्या झाडाचा किंवा गुहेच्या तोंडाचा आडोसा घेऊ नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर येऊ नये. कपारीतील आग्या माशांची पोळीही अशीच गांभीर्याने घ्यावीत. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी त्या चवताळतात, आणि धारेवर पळायला जागा नसते.

सुरक्षिततेचा हा विचार धारेच्या जपणुकीपासून वेगळा काढता येत नाही. वळणाची वाट सोडून सरळ खाली पाडलेल्या आडवाटेवरून पहिल्याच पावसात पाणी धावते, माती वाहून जाते, कारवीची मुळे उघडी पडतात, आणि पुढच्या हंगामात त्याच ठिकाणी घसारा तयार होऊन कोणाचा तरी पाय मुरगळतो. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी उतारावरची माती धरून ठेवते. आधारासाठी तिच्या काठ्या उपटणे म्हणजे पायाखालची जमीनच सैल करणे होय. राजगडाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाल्यामुळे गर्दी वाढेल हे उघड आहे, आणि अरुंद धारेवर शंभर जणांची रांग नेणे हे कितीही चांगल्या हेतूने केले तरी बेजबाबदारपणाचेच आहे. गटाचा आकार शुल्कावरून नव्हे, तर वाटाड्याला पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत किती जणांवर नजर ठेवता येते यावरून ठरला पाहिजे, आणि हा वाटाड्या पायथ्याच्या गावातला असेल तर वाटेचे ज्ञान आणि मिळकत दोन्ही योग्य ठिकाणी पोचतील.

येथे जमलेल्या, मोहिमा काढणाऱ्या संस्थांना या अध्यक्षपदावरून एकच विनंती आहे. मोहिमेच्या पत्रकात जमण्याची वेळ आणि शुल्क जिथे छापले जाते, तिथेच माघारीची जागा आणि वेळही यापुढे छापावी, आणि त्या वेळेला परत फिरलेल्या गटप्रमुखाला कोणीही जाब विचारू नये.