एका ताटातले दोन जेवणारे

श्रोतेहो, पेरणी झाली की पीक आणि तण जोडीनंच वर येतात. ओल, खत, ऊन, दोघांचं ताट एकच. मग होतं काय?

रशियन शास्त्रज्ञ गॉज यांनी १९३४ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती त्यांनी वेगवेगळ्या नळ्यांत वाढवल्या. दोघींची संख्या वाढली आणि आपापल्या मर्यादेला स्थिरावली. एकाच नळीत, त्याच अन्नावर ठेवल्या, तेव्हा एक टिकली. दुसरी हळूहळू संपली. मारामारी नाही, घास पुरला नाही, एवढंच.

गुरुजी, मुलांना दाट वाफा आणि विरळणी केलेला वाफा शेजारी शेजारी दाखवा. शेतकरी बंधूंनो, तण कोवळं असतानाच खुरपणी उरका. उशिरा उपटलेलं तण पिकाचा खाल्लेला घास परत देत नाही.