समेट : निवाड्याच्या पुढचे पाऊल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



वाद विकोपाला गेला की दोन्ही पक्षांपुढे तीन मार्ग उरतात. न्यायाधीशांचा निकाल हा पहिला, उभयतांनी निवडलेल्या लवादाचा निवाडा हा दुसरा आणि समेट हा तिसरा. पहिल्या दोन्ही मार्गांत निर्णय परक्याच्या हाती जातो. समेटात मात्र तिऱ्हाईत माणूस केवळ साहाय्य करतो. निर्णय ज्यांचा वाद आहे तेच घेतात. समेटाचा सारा अर्थ या एका भेदात सामावलेला आहे.

हा भेद समजून घेण्यास दक्षिण आफ्रिकेतील एका व्यापारी दाव्यासारखे दुसरे उदाहरण नाही. डर्बनचे दादा अब्दुल्ला आणि प्रिटोरियाचे तय्यब शेठ हे मूळचे पोरबंदरचे, परस्परांचे नातलग. दोघांत चाळीस हजार पौंडांचा दावा सुरू होता. त्यासाठी १८९३ साली बॅरिस्टर मोहनदास गांधी दादा अब्दुल्लांच्या पेढीच्या वतीने तेथे गेले. दावा हिशेबाच्या गुंतागुंतीने भरलेला. गांधींनी त्यासाठी जमाखर्चाची पद्धत शिकून घेतली, कागदपत्रे बारकाईने वाचली. आपल्या पक्षकाराची बाजू भक्कम आहे, याविषयी त्यांची खात्री झाली. त्याचबरोबर हेही दिसले की, खटला असाच लांबला तर एकाच गावचे दोन्ही नातलग धुळीस मिळतील. वकिलांचे शुल्क वाढत होते आणि धंद्यावरचे लक्ष उडाले होते. गांधींनी तय्यब शेठची भेट घेतली, दोघांनाही समजावले आणि लवाद नेमला गेला. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. सदतीस हजार पौंड आणि खर्च तय्यब शेठनी द्यावयाचा होता.

निवाडा झाला, परंतु सलोखा झाला नव्हता. एवढी रक्कम एकदम देणे तय्यब शेठना अशक्य होते. त्यांना एक पैही कमी द्यावयाची नव्हती. पण दिवाळे काढणे त्यांना मरणाहून कठीण वाटे. तेव्हा दीर्घ मुदतीचे हप्ते हाच उपाय उरला. लवादास राजी करण्यापेक्षा हप्त्यांस राजी करणे अधिक कठीण गेले, असे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. अखेर दादा अब्दुल्लांनी मान्यता दिली. एकाचे धन वाचले, दुसऱ्याची अब्रू वाचली आणि दोघांचीही प्रतिष्ठा वाढली. लवादाने देणे किती ते ठरविले. ते कसे फेडावे म्हणजे माणूस उभा राहील, हे समेटाने ठरविले.

भारतीय कायद्यानेही या मार्गास मान दिला. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याने उभयतांनी सही केलेल्या समेटपत्रास लवादाच्या निवाड्याचा दर्जा दिला. बोलणी फिसकटल्यास त्या वेळी दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येऊ नये, अशीही व्यवस्था केली. त्यामुळे मन मोकळे करण्याची भीती उरली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत समाविष्ट झालेले कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले आणि चालू दावाही तडजोडीकडे पाठविण्याची वाट खुली झाली. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने मध्यस्थीच्या व्याख्येतच समेटाचा समावेश केला.

तथापि समेट म्हणजे दडपण नव्हे. भावाभावांच्या वाटणीत विधवा भावजयीला किंवा सासरी गेलेल्या बहिणीला चार वडीलधाऱ्यांसमोर बसवून, 'घराण्याची अब्रू' म्हणून सही घेतली जाते. त्या सहीला समेट म्हणता येणार नाही. मौन म्हणजे संमती नव्हे. सर्व वह्या, दस्तऐवज आणि येणे-देणे दोघांपुढे उघडे असले पाहिजे. विचार करण्यास वेळ मिळाला पाहिजे. वकिलाचा सल्ला घेण्याची मोकळीक हवी. आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार अखेरपर्यंत अबाधित राहिला पाहिजे. मधला माणूस कोणाचा आप्त वा देणेकरी असेल तर त्याने आरंभीच तसे सांगून बाजूला व्हावे. तसेच प्रत्येक तंटा समेटाचा नसतो. मारहाण, अत्याचार अशा गुन्ह्यांवर समाजाच्या बैठकीत पांघरूण घालणे हा अन्यायच होय.

समेटासाठी समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, एवढे मान्य करावे लागते. अनेकांताचा संस्कार लाभलेल्या समाजास हे नवे नाही. परंतु संवत्सरीस हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणारे दोन सख्खे भाऊ पुढच्याच आठवड्यात न्यायालयात एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, हे दृश्यही अपरिचित नाही. क्षमा मागणे शब्दांत संपते. समेटात ती हिशेबाच्या वहीत उतरते. दादा अब्दुल्लांनी दिलेली मुदत ही अशीच वहीत उतरलेली क्षमा होती. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी एखाद्या घरातील जुना दावा अशा रीतीने मिटला, तर महोत्सवाची सांगता खऱ्या अर्थाने मंगल होईल.

जय जिनेंद्र!