वन्यजीवांचा विहारमार्ग
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले भाषण)



चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा पायी विहार सुरू होतो. वाटेत ठरावीक अंतरावर विहारधाम नसेल, तर तो विहार किती कष्टप्रद होतो, हे श्रावकसमाज जाणतो. विहारधामाची जागा लहान असते. पण ती वाटेवर असते, हेच तिचे मोल. वनातील मुक्या जीवांनाही अशाच विसाव्याच्या जागा लागतात.

सन २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वाचविण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले गेले. 'आजोबा' या नावाने ओळखला गेलेला तो जीव महामार्ग व लोहमार्ग ओलांडीत, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटरवरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. सन २०११ मध्ये मात्र महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

हाच प्रश्न अंबरनाथ-बदलापूरच्या दारात उभा आहे. पश्चिमेस मलंगगड, चंदेरी ते माथेरान ही डोंगररांग. पूर्वेस बारवीचे वन व पुढे मुरबाडचा डोंगराळ प्रदेश. मध्ये उल्हास नदीचे खोरे, कर्जतकडे जाणारा लोहमार्ग, रस्ते आणि वाढती वस्ती. ओढ्याकाठची झाडी, नदीकाठचे रान, डोंगरपायथ्याचे पडीक माळ, एवढेच दुवे शिल्लक राहतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या कल्याण पूर्वेत बिबट्या एका इमारतीत शिरला, माणसे जखमी झाली. अशा वेळी भय दोन्ही जीवांच्या वाट्याला येते.

वन्यजीव संरक्षण अधिनियमात सन २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद झाली. तीनुसार समुदाय किंवा व्यक्ती स्वेच्छेने आपली जमीन वन्यजीवांसाठी राखू शकते. ज्याला तेवढे शक्य नाही, त्याने पायथ्याच्या जागेत ओढ्याचा काठ सोडून कुंपण घालावे, तेथील झुडपे तोडू नयेत, वणवा लावू नये, रात्री प्रखर दिवे लावू नयेत आणि कचरा टाकू नये. कचऱ्यावर कुत्री जमतात व त्यांच्यामागे बिबट्या येतो.

आपल्या मालकीच्या जमिनीतील एक पट्टा दुसऱ्या जीवासाठी मोकळा सोडणे, हे अपरिग्रहाचेच आचरण होय. पांजरपोळात जखमी जीवाची सेवा घडते. मोकळ्या वाटेने तो जखमी होण्यापूर्वीच वाचतो.